बसनं जाऊन रात्री परत येता येईल इतक्या अंतरावर

अलाबामात राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुम्ही कुठले, काय करता, हे नंतर. आधी, ‘तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे?’ २०१९ मध्ये आम्ही बर्मिंगहॅमला आलो तेव्हा हा प्रश्न मला किराणा दुकानात विचारला गेला, मुलीच्या शाळेत विचारला गेला आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे, मी तोंड उघडून पडलेली असताना. उत्तर द्यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनीच ‘ऑबर्न म्हणा’ असं सुचवलं.

हा सगळा मामला फुटबॉलचा, हे इथे राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको. ही दोन्ही विद्यापीठं ज्या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये खेळतात त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचं मुख्य कार्यालय आमच्याच गावात आहे. पण गावाच्या पश्चिमेला एका टेकडीवर तिसरंही एक कॉलेज होतं. बर्मिंगहॅम-सदर्न. ‘तुम्ही त्यांचे का?’ असं मात्र मला कोणी कधी विचारलं नाही. मला ते कळलं शेजारणीमुळे. तिचा मुलगा २०२२ साली तिथे शिकायला गेला आणि टेनिसच्या टीममध्ये आला. एका शनिवारी ती म्हणाली, ‘चल, मॅच बघायला. तिकीट नाही, गर्दी नाही, गाडी अगदी कोर्टाजवळ लावता येते.’

गेले. पाच-पंचवीस माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. समोरची टीम अटलांटाहून, ओगलथॉर्प कॉलेजातून, सकाळी व्हॅननं आली होती आणि संध्याकाळी परत जाणार होती. एक मुलगा आपली पाळी येईपर्यंत गवतावर बसून रसायनशास्त्राचं पुस्तक वाचत होता. पिवळ्या रंगानं ओळीमागून ओळ रंगवत होता, म्हणजे परीक्षा जवळ आली असणार. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे ती ओळ रंगवायची घाई मला लांबूनही ओळखता येते. त्या दिवशी मला या छोट्या कॉलेजांच्या खेळाबद्दल कुतूहल वाटायला लागलं. हे कोण कोणाशी खेळतं, आणि ते ठरवतं कोण?

आपल्याकडे हा प्रश्नच पडत नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एम. ए. झाले. आमचं कॉलेज विद्यापीठाला संलग्न होतं, म्हणून आपोआप एका झोनमध्ये होतं. झोनल जिंकलं की इंटरझोनल. कोणाशी खेळायचं हे विद्यापीठ ठरवायचं आणि पत्रक यायचं. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांना वर कोणी विद्यापीठ नाही. सातशे-आठशे मुलांचं कॉलेज असलं तरी ते स्वतःच स्वतःची पदवी देतं, स्वतःच स्वतःची फी ठरवतं. तेव्हा खेळायलाही त्याला स्वतःच गडी शोधावे लागतात. अशी काही कॉलेजं एकत्र येतात, आपसात वेळापत्रक बांधतात, पंच ठरवतात, एक चषक ठेवतात आणि नियम करतात. त्या मंडळाला कॉन्फरन्स म्हणायचं. आपण ज्या आयव्ही लीगच्या नावानं मुलांना रात्री अकरापर्यंत अभ्यासाला बसवतो, ती लीगसुद्धा मुळात हेच आहे. आठ कॉलेजांनी १९५४ साली खेळाबद्दल करार केला, त्यातून ती औपचारिकपणे उभी राहिली. हे मी एका पार्टीत सांगितलं तेव्हा एका काकांना ते इतकं अप्रशस्त वाटलं, की त्यांनी फोन काढून खात्री करून घेतली.

तर आमच्या टेकडीवरच्या कॉलेजाची कॉन्फरन्स. तिचं मूळ १९६२ साली आहे, म्हणजे आमचं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी. केंटकीतलं सेंटर, मेम्फिसमधलं साउथवेस्टर्न, व्हर्जिनियातलं वॉशिंग्टन अँड ली आणि टेनेसीच्या डोंगरावरचं सवानी, अशा चार कॉलेजांनी ‘कॉलेज अॅथलेटिक कॉन्फरन्स’ काढली. त्याच वर्षी सेंट लुइसचं वॉशिंग्टन विद्यापीठ येऊन मिळालं. मेम्फिसच्या साउथवेस्टर्नचं नाव १९८४ मध्ये ऱ्होड्स झालं. पुढे टेक्सासमधलं दुसरंच एक साउथवेस्टर्न या गोष्टीत येणार आहे, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते. माझा स्वतःचा यात दोनदा घोळ झाला होता.

या कॉलेजांचा मुख्य मुद्दा साधा होता. खेळतो म्हणून कोणाला शिष्यवृत्ती द्यायची नाही. घरची परिस्थिती बघून मदत द्यायची असेल तर ती सगळ्यांना एकाच मापानं. आज हा नियम एनसीएएच्या तिसऱ्या डिव्हिजनचा म्हणून ओळखला जातो, पण त्या डिव्हिजन १९७३ साली झाल्या. ही मंडळी त्याच्या अकरा वर्षं आधीच तसं ठरवून बसली होती.

त्यांनी असं का ठरवलं, हे समजून घ्यायला आणखी मागे जावं लागतं. कारण यातली दोन कॉलेजं एके काळी भल्याभल्यांना भारी होती. सेंटर कॉलेजानं २९ ऑक्टोबर १९२१ रोजी हार्वर्डला फुटबॉलमध्ये ६-० असं हरवलं. तेव्हाचं हार्वर्ड म्हणजे आजच्या अलाबामासारखं समजा. केंटकीच्या डॅनव्हिल गावात लोकांनी या निकालाचं रासायनिक सूत्र करून टाकलं, ‘सी-सिक्स एच-झीरो’, आणि भिंतीवर रंगवलं. शंभर वर्षं उलटली तरी ते सूत्र तिथे जपलेलं आहे.

सवानीची गोष्ट त्याहून अचाट. १८९९ सालच्या नोव्हेंबरमध्ये त्यांची टीम आगगाडीनं सुमारे अडीच हजार मैलांच्या फेरीवर निघाली आणि सहा दिवसांत पाच सामने खेळली. ऑस्टिनला टेक्सास, ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, न्यू ऑर्लिन्सला टुलेन, मग रविवारची सुट्टी, मग बॅटन रूजला लुइझियाना आणि मेम्फिसला मिसिसिपी. पाचही जिंकले, आणि पाचांपैकी कोणालाही एक गुणसुद्धा करू दिला नाही. सोबत आपल्या डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून नेलं होतं, असं सांगतात. बाहेरचं पाणी बाधतं ही समजूत फक्त आपल्याच आयांची नाही तर. त्या मोसमात सवानी बाराच्या बारा सामने जिंकलं.

आणि हेच सवानी १९३२ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या तेरा संस्थापकांपैकी एक होतं. ज्यांचं कार्यालय आज आमच्या गावात आहे आणि ज्यांच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे करार अब्जावधी डॉलरचे असतात, त्या मांडवात हे डोंगरावरचं छोटं कॉलेज पहिल्या पंक्तीला बसलं होतं. पण तोवर खेळाचं माप बदललं होतं. राज्यांची मोठी विद्यापीठं पैसा ओतत होती, खेळाडू आणत होती. सवानीला त्या कॉन्फरन्समध्ये फुटबॉलचा एकही साखळी सामना जिंकता आला नाही. एकही नाही. शेवटी त्यांचे कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांनी ठरवलं की हे आपलं काम नव्हे, आणि १९४० मध्ये सवानी बाहेर पडलं. त्या वेळी अपमान वाटला असेल. आज मला तो निर्णय फार धीराचा वाटतो. पंक्तीतून आपण होऊन उठायला धैर्य लागतं, विशेषतः पुढे लाडू येणार आहेत हे दिसत असताना. १९६२ ची कॉन्फरन्स ही त्याच निर्णयाची पुढची पायरी. आपल्या मापाचे सोबती शोधायचे, आणि त्यांच्याशी मनापासून खेळायचं.

एक गोष्ट इथे झाकून चालणार नाही. ‘आपल्या मापाचे’ याचा अर्थ तेव्हा बराच अरुंद होता. ही दक्षिणेतली चर्चशी नातं असलेली कॉलेजं. विद्यार्थी जवळजवळ सगळे गोरे. सवानीत १९६९ पर्यंत आणि वॉशिंग्टन अँड लीत तर १९८५ पर्यंत पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश नव्हता. पुढे नॅशव्हिलचं फिस्क, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेलं नामांकित विद्यापीठ, काही वर्षं याच कॉन्फरन्समध्ये खेळलं. सभासदांची यादी बघताना ते नाव मला थांबवतं. आज त्या टेनिस कोर्टावर एक आडनाव व्हिएतनामी दिसतं, एक पटेल दिसतं. १९६२ च्या फोटोत तशी कल्पनाही नसेल.

सभासद बदलत राहिले. वॉशिंग्टन अँड ली १९७० च्या दशकात आपल्या व्हर्जिनियातल्या शेजाऱ्यांकडे गेलं, त्यांची वेगळी कॉन्फरन्स निघाली तेव्हा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं वेगळीच वाट धरली. १९८६ साली शिकागो, न्यूयॉर्क, रॉचेस्टर, अटलांटाचं एमरी अशा मोठ्या शहरांतल्या संशोधन विद्यापीठांबरोबर त्यांनी नवी कॉन्फरन्स उभी केली. तिथे शेजार बघितला जात नाही, तोलामोल बघितला जातो, आणि सामन्यांना विमानानं जातात. म्हणून एमरी आणि ओगलथॉर्प एकाच अटलांटात असून वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये आहेत. विमानाचं तिकीट परवडणाऱ्यांची सोयरीक वेगळी आणि बसवाल्यांची वेगळी.

आमची बसवाल्यांची. पण गेलेल्यांच्या जागा भरताना नकाशा पसरत गेला. मिसिसिपीतलं मिलसॅप्स आणि टेक्सासच्या सॅन अँटोनियोतलं ट्रिनिटी १९८९ मध्ये आलं. पाठोपाठ ओगलथॉर्प, आर्कान्सामधलं हेंड्रिक्स. १९९१ मध्ये नाव बदलून ‘सदर्न कॉलेजिएट अॅथलेटिक कॉन्फरन्स’ झालं. मग टेक्सासचं साउथवेस्टर्न, इंडियानातलं डीपॉ, पुन्हा टेक्सासचं ऑस्टिन कॉलेज, आणि २००६ मध्ये थेट कोलोरॅडो कॉलेज. २००७ मध्ये आमचं बर्मिंगहॅम-सदर्न. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. अटलांटा ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे हजार मैलांहून कितीतरी जास्त अंतर, आणि मध्ये दोन तासांचा वेळेचा फरक. ‘सदर्न’ या शब्दाला रॉकी पर्वत लागला.

त्या पसरलेल्या काळातला एक सामना सगळ्या अमेरिकेनं पाहिला. २७ ऑक्टोबर २००७, जॅक्सन गावात मिलसॅप्स विरुद्ध ट्रिनिटी. मिलसॅप्स पुढे, आणि घड्याळात दोन सेकंद उरलेले. फुटबॉलमध्ये वेळ संपली तरी सुरू असलेला डाव पूर्ण करतात. ट्रिनिटीच्या मुलांनी चेंडू पकडला, आणि पकडला जाणार असं दिसलं की मागच्याकडे फेकला, त्यानं तिसऱ्याकडे, त्यानं पुन्हा पहिल्याकडे. असं पंधरा वेळा. मिनिटभर हा आट्यापाट्यांचा खेळ चालला आणि शेवटी एक जण गोलरेषेपार पळाला. २८-२४. तो डाव अजूनही दाखवतात. मला मात्र ते बघताना दुसरंच मनात येतं. सॅन अँटोनियो ते जॅक्सन हे अंतर सहाशे मैलांहून जास्त आहे. त्या मुलांना सोमवारी सकाळी वर्ग असणार.

फुटबॉलचा सामना तरी आठवड्याला एक. पण व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉल, पोहणे, टेनिस, गोल्फ, बेसबॉल, आणि बहुतेक मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. प्रत्येक टीमची बस, हॉटेल, जेवण. तिकीटविक्री नाही, टीव्हीचे पैसे नाहीत. सगळा खर्च कॉलेजाच्या खिशातून, म्हणजे शेवटी पालकांच्या फीमधून. शिवाय शुक्रवारचे तास बुडतात. जी कॉन्फरन्स ‘अभ्यास आधी’ म्हणून निघाली तिची मुलं विमानतळावर निबंध लिहायला लागली.

म्हणून २०११ च्या जूनमध्ये सात कॉलेजांनी एकदम बाहेर पडायचं जाहीर केलं. बर्मिंगहॅम-सदर्न, सेंटर, हेंड्रिक्स, मिलसॅप्स, ओगलथॉर्प, ऱ्होड्स आणि सवानी. आठवं जॉर्जियातलं बेरी कॉलेज त्यांना मिळालं. बेरीचा परिसर सत्तावीस हजार एकरांचा आहे. आमच्याकडे एवढ्यात एखादा तालुका बसवतील. २०१२-१३ पासून ‘सदर्न अॅथलेटिक असोसिएशन’ नावानं त्यांचे सामने सुरू झाले. मागे राहिलेल्यांनी टेक्सास आणि आसपासच्या कॉलेजांना घेऊन जुनं नाव चालू ठेवलं. मंडळ फुटलं की नाव कोणाकडे आणि भांडी कोणाकडे, हा प्रश्न आपल्याला चांगला परिचयाचा आहे. इथे तो फारशी आदळआपट न होता सुटला असं दिसतं. जुनं नाव तिकडे, सेंटर-सवानी-ऱ्होड्स हे तीन मूळ संस्थापक इकडे.

नव्या असोसिएशनचा नकाशा पाहिला की एक गोष्ट लगेच दिसते. पूर्वेला अटलांटाचं ओगलथॉर्प आणि बेरी, उत्तरेला सवानी आणि सेंटर, पश्चिमेला मेम्फिसचं ऱ्होड्स, त्याही पलीकडे हेंड्रिक्स, नैर्ऋत्येला मिलसॅप्स. आणि या सगळ्यांच्या मधोमध बर्मिंगहॅम. इथून अटलांटा दीडशे मैल, मेम्फिस आणि जॅक्सन सुमारे अडीचशे. सकाळी निघून, खेळून, रात्री वसतिगृहात परत. शेजारणीचा मुलगा म्हणायचा, ‘आमच्याकडे सगळेच येऊन जातात.’ चाकाचा आस तो.

आता त्या आसाबद्दल. बर्मिंगहॅम-सदर्नचा उगम १८५६ सालचा, मेथडिस्ट चर्चच्या आश्रयानं. १९१८ मध्ये दोन कॉलेजं एक होऊन ते टेकडीवर आलं. खेळात या कॉलेजाची उडी सवानीच्या उलटी होती. २००३ मध्ये ते पहिल्या डिव्हिजनमध्ये गेलं, शिष्यवृत्त्या देऊन मोठ्यांशी खेळायला. तीन वर्षांत हात पोळले आणि २००६ मध्ये त्यांनी तिसऱ्या डिव्हिजनमध्ये यायचं ठरवलं. त्याच वेळी १९३९ पासून बंद असलेला फुटबॉल पुन्हा सुरू केला. हे ऐकून मी गोंधळले. पैसे वाचवायचे तर फुटबॉल कशाला? मग गणित कळलं. शिष्यवृत्ती द्यायची नसली की फुटबॉल हा खर्च राहत नाही, प्रवेशाचा मार्ग होतो. खेळायला मिळावं म्हणून शंभर मुलं येतात आणि ती फी भरतात. छोट्या कॉलेजांत खेळाडूंचं प्रमाण एवढं मोठं असतं ते याचसाठी. अलाबामा विद्यापीठातून खेळ काढला तरी विद्यार्थी राहतील. इथे काढला तर वर्ग ओस पडतील.

पण नुसत्या खेळानं घर चालत नाही. नव्या इमारतींचं कर्ज होतं, ठेवी आटल्या होत्या. २०१० मध्ये उघड झालं की विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचा हिशेबच काही वर्षं चुकत गेला होता. अध्यक्षांनी राजीनामा दिला. पुढचे अध्यक्ष चार्ल्स क्रूलॅक, अमेरिकेच्या मरीन दलाचे माजी प्रमुख. त्यांनी पगार घेतला नाही आणि ते मुलांच्या वसतिगृहात राहिले. तरीही खड्डा भरला नाही. २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं अडचणीतल्या कॉलेजांसाठी कर्जाची योजना केली, पण राज्याच्या कोषाध्यक्षांनी या कॉलेजाचा अर्ज नाकारला. २६ मार्च २०२४ रोजी विश्वस्तांनी ठराव केला, ३१ मे रोजी कॉलेज बंद. तेव्हा तिथे सुमारे सातशे विद्यार्थी होते.

त्या संध्याकाळी शेजारीण आमच्या ओट्यापाशी उभी होती. मी चहा टाकला. ती म्हणाली, ‘मुलाला सगळ्यात आधी कसलं वाईट वाटलं माहीत आहे? शनिवारी मॅच आहे, ती खेळायची की नाही, याचं.’ ती मॅच झाली. सगळ्याच टीमनी आपले मोसम पुरे केले. आणि बेसबॉलची टीम तर संपायलाच तयार नव्हती.

बेसबॉलमध्ये हे कॉलेज खरोखर चांगलं होतं. २०१९ साली प्रशिक्षक जॅन वाइसबर्ग यांची टीम तिसऱ्या डिव्हिजनच्या अंतिम लढतीपर्यंत पोचली होती. आता कॉलेजाचे दिवस मोजले जात असताना ती जिंकत गेली. मे संपत आला तेव्हा डेनिसन कॉलेजाला हरवून तिनं आठ टीमच्या वर्ल्ड सिरीजमध्ये जागा मिळवली. स्पर्धा ओहायोत, क्लीव्हलंडजवळच्या ईस्टलेक गावात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, ज्यांचा या कॉलेजाशी काही संबंध नव्हता अशांनीही पैसे पाठवले. आणि पहिला सामना कोणत्या तारखेला? ३१ मे.

म्हणजे टीम मैदानावर उतरली तो कॉलेजाचा शेवटचा दिवस होता. तो सामना ते साल्व्हे रेजिना विद्यापीठाविरुद्ध ७-५ असे हरले. दोनदा हरलं की बाहेर, असा नियम. १ जूनला दुसरा सामना रँडॉल्फ-मेकनशी. आता त्यांच्या मागे कॉलेज नव्हतं. शर्टावर नाव होतं, पण त्या नावाची संस्था आदल्या रात्री बंद झाली होती. आम्ही शेजारणीच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. मला बेसबॉल जेमतेम कळतो. बॅट गोल आणि धावताना ती टाकून द्यायची, इतपत. शेवटच्या डावात, बरोबरी असताना, आमच्या एका मुलानं चेंडू कुंपणाबाहेर मारला. ९-७. टीमची सगळी मुलं धावत येऊन एकावर एक पडली. शेजारीण रडत होती. तिचा मुलगा उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

२ जूनला विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरविरुद्ध १०-१० अशी बरोबरी, आणि शेवटच्या क्षणी त्यांनी एक धाव काढली. ११-१०. संपलं. मैदानावरून कोणी लवकर हलायला तयार नव्हतं. साहजिक आहे. बस परत जाणार होती, पण कुठे?

कॉन्फरन्स अशा वेळी काय करू शकते, हे मी नंतर बराच विचार करून पाहिलं. खरं तर काहीच नाही. सहा दशकं ही कॉलेजं आपापसात अंतराचा, शिष्यवृत्तीचा, तोलाचा हिशेब काटेकोर करत आली. कोणाशी खेळायचं आणि कोणाशी नाही, हे त्यांनी फार शहाणपणानं ठरवलं. पण सोबत्याचं कर्ज किती झालंय, हे विचारायची सोय या नात्यात नाही. प्रत्येकाची तिजोरी वेगळी. सामना झाला की हात मिळवायचा आणि आपापल्या बसमध्ये बसायचं. आठ होते ते सात राहिले, आणि गेलेलं नाव नेमकं मधलं होतं.

सात ही धोक्याची संख्या आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्याला थेट प्रवेश हवा तर कॉन्फरन्समध्ये ठरावीक किमान सभासद लागतात. आणखी एक जण गेला तर? म्हणून नवे सभासद शोधणं भाग होतं. टेकडीवरचं कॉलेज मदतीसाठी राज्याचे उंबरठे झिजवत होतं त्याच सुमारास सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी आणि ऑस्टिनजवळच्या जॉर्जटाउनचं साउथवेस्टर्न यांच्याशी बोलणी झाली होती. २०२५-२६ पासून ते दोघे पूर्ण सभासद आहेत. फुटबॉलपुरतं ट्रिनिटी आधीपासूनच येत होतं. म्हणजे टेक्सास लांब पडतं म्हणून २०११ मध्ये ज्यांच्यापासून वेगळे निघाले, त्यांच्याशीच पुन्हा सोयरीक. मला आधी हसू आलं. पण जवळपास या मापाची, या विचारांची कॉलेजं उरलीत किती? तोलाचा सोबती तीनशे मैलांत मिळत नसेल तर नऊशे मैल जावं लागतं. दोघं एकदम आल्यानं निदान एका फेरीत दोन सामने होतील, शुक्रवारी एकाकडे आणि रविवारी दुसऱ्याकडे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं येत्या काही वर्षांत कॉलेजं निवडतील. टेनिस, पोहणे, क्रॉस-कंट्री खेळणारी आपली मुलं कमी नाहीत, आणि या छोट्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्यांना ईमेल पाठवतातच. तेव्हा कॅम्पसची फेरी मारताना मी आता एक जास्तीचा प्रश्न विचारणार आहे. वर्गात किती मुलं, हे तर विचारूच. पण गेल्या पाच वर्षांत प्रवेश वाढले की घटले, आणि ठेवींतून दर वर्षी किती काढता, हेही. विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. मुलगी बघायला जाऊन घराचा सातबारा मागितल्यासारखं वाटतं. शेजारीण म्हणते, तिनं विचारायला हवा होता.

तिचा मुलगा आता याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या एका कॉलेजात आहे. क्रेडिट बरेचसे धरले गेले, काही बुडाले. गेल्या वसंतात मी तिच्याबरोबर त्याची मॅच बघायला गेले. गाडीनं काही तासांचं अंतर, रस्ता तिला पाठ. पूर्वी पाहुण्यांच्या बाजूनं याच कोर्टावर येऊन गेलेली. समोरच्या टीममध्ये एक मुलगा होता, तो बर्मिंगहॅमला याचा दुहेरीतला जोडीदार होता. तो तिसऱ्याच कॉलेजात गेला होता. दोघं नव्या शर्टांत नेटपाशी आले, काहीतरी बोलून हसले आणि सर्व्हिस सुरू झाली.

शेजारणीनं डिकीतून घडीची खुर्ची काढली. काळी आणि सोनेरी, पाठीवर टेकडीवरच्या कॉलेजाचं नाव. नवी घ्यायची राहूनच गेली, म्हणाली. शेजारी बसलेल्या बाईंनी ते नाव वाचलं, काही न बोलता आपली खुर्ची थोडी सरकवून सावलीत जागा केली, आणि डब्यातली संत्र्याची फोड पुढे केली.